वही, टॅब की लॅपटॉप? पीजीच्या मुलामुलींचे प्रश्न

जुलै-ऑगस्टात पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर वर्ग भरायला लागले की या सदराकडे येणारी पत्रं एकदम एकाच विषयावर यायला लागतात. यंदा तर निम्म्याहून जास्त पत्रं टॅब आणि लॅपटॉपवर नोट्स काढण्याबद्दलचीच आहेत, म्हणून हा महिना त्यालाच दिलाय. मी स्वतः गणितात एमएस्सी केलं, पुढे पीएचडी केली आणि आता पीजीच्याच वर्गाला शिकवते, म्हणजे फळ्याच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, त्यामुळे कुणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी एमएस्सी गणित पहिल्या वर्षाला आहे, मोहोळहून रोज एसटीने अप-डाऊन करतो. वर्गात दोघं-तिघं टॅबवर पेनने लिहायलेत, एकजण लॅपटॉपवर टाईप करायलाय. मी वहीत लिहितो, पण सरांचा स्पीड एवढा असतो की फळा उतरवून घेण्यातच तास संपतो आणि काय चाललंय ते कळतच नाही. टॅब घेऊ का लॅपटॉप? घरचे ३० हजारांपर्यंत तयार आहेत.

उत्तर : तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टॅबचं नाही रे, "उतरवून घेण्यातच तास संपतो" हे आहे. आणि तो त्रास टॅब घेऊन जाणार नाही. वहीत उतरवून घेत होतास, टॅबवर उतरवून घेशील, फक्त जरा सुबक दिसेल.

मी एमएस्सीला होते तेव्हा फळ्यावरचा एक शब्दसुद्धा सोडायची नाही. माझ्या वह्या परीक्षेच्या आधी अख्ख्या वर्गात झेरॉक्सला फिरायच्या, आणि मी मात्र पहिल्या सेमिस्टरला ॲनालिसिसच्या पेपरात अडकले होते, कारण तासभर माझा हात चालायचा आणि डोकं थांबलेलं असायचं. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं, म्हणून तुला जरा सविस्तर सांगते.

नोट्स वर्गात तयार होत नाहीत, त्या वर्ग संपल्यावर तयार होतात. वर्गात फक्त कच्चा माल गोळा करायचा असतो. एक उदाहरण घे, तुमच्याकडे आत्ता येईलच ते. कॉम्पॅक्ट सेटवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं हे प्रमेय. सर फळाभर प्रूफ लिहितील, एप्सिलॉन, डेल्टा, ओपन कव्हर, सगळं. ते सगळं उतरवायला गेलास तर हरवलास. वर्गात एवढंच लिही : प्रत्येक बिंदूला त्याचा वेगळा डेल्टा मिळतो, त्यांचे निम्मे घेऊन कव्हर बनवायचं, कॉम्पॅक्ट आहे म्हणून मोजकेच बॉल पुरतात, मोजक्या डेल्टांमधला सगळ्यात लहान घ्यायचा, झालं. आणि पुढे एक प्रश्न लिहून ठेव, निम्मे का घेतले? बाकीचा वेळ सरांकडे बघ. संध्याकाळी कोरा कागद घेऊन त्या चार ओळींवरून पूर्ण प्रूफ स्वतः लिहायला बस, अडलास तर पुस्तक उघड, आणि निम्मे का घेतले हे त्या वेळी आपोआप उलगडतं, कारण ट्रँगल इनइक्वालिटी लावताना दोन अंतरं जोडून एका डेल्टात बसवायची असतात. हे लिखाण म्हणजे तुझ्या नोट्स. हे त्याच दिवशी व्हायला पाहिजे. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की शिकलेलं विसरायचा वेग पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त असतो, रविवारी बसून आठवड्याच्या नोट्स काढू म्हणशील तर त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी वाटतील.

आता लॅपटॉप. गणिताच्या वर्गात लॅपटॉपवर नोट्स काढू नकोस असं मी अगदी ठामपणे म्हणेन. समेशन, अपूर्णांक, खालीवर लावायचे आकडे, मध्येच एखादी आकृती, हे कीबोर्डवर सरांच्या वेगाने होत नाही. लाटेक्समध्ये, म्हणजे गणिताची चिन्हं टाईप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जमवणारे थोडे असतात, पण त्यांनी महिनोन्महिने स्वतःचे शॉर्टकट बसवलेले असतात, आणि कंस जुळत नाही म्हणून डोकं तिकडे गेलं की पुढचा लेमा गेलाच. लाटेक्स शिकच, प्रोजेक्ट लिहायला लागेल, पुढे पीएचडी केलीस तर त्याच्याशिवाय चालणार नाही, पण ते घरी बसून.

टायपिंगबद्दल एक संशोधन फार गाजलंय. २०१४ मध्ये प्रिन्स्टन आणि कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानं दाखवली, काहींनी हाताने लिहिलं, काहींनी लॅपटॉपवर. लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त लिहिले पण बरेचसे जसेच्या तसे, आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. जसंच्या तसं लिहू नका असं बजावून सांगितलं तरी त्यांची बोटं तेच करत राहिली. पण इथे अर्धीच गोष्ट सांगितली जाते, म्हणून उरलेलीही सांगते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही लॅपटॉपवाल्यांनी जास्त आणि जसंच्या तसंच लिहिलं, पण मार्कांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणजे "पेनने लिहिलं की हुशार होतो" असं काही सिद्ध झालेलं नाही. दोन्ही वेळेला एक गोष्ट मात्र तीच दिसली, कीबोर्ड हाताखाली आला की माणूस ऐकलेलं तसंच्या तसं उतरवायला लागतो, आणि तुझी तक्रार नेमकी तीच आहे.

राहिला पेनवाला टॅब. गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीवाल्यांना त्याचा खरा उपयोग आहे, तो नाकारत नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे लिहिलेल्या मजकुराभोवती गोल काढून तो उचलून खाली सरकवता येतो, मध्ये जागा करता येते. वर्गात चार ओळी लिहिल्या, संध्याकाळी त्याच चार ओळींच्या मध्ये पूर्ण प्रूफ भरलं, वहीत हे होत नाही. पुस्तकाच्या पीडीएफवर मार्जिनला लिहिता येतं. आणि एसटीत उभ्याने केगावला सोलापूर विद्यापीठापर्यंत यायचं तर अर्ध्या किलोत चार विषयांच्या वह्या मावतात हेही काही कमी नाही.

पण घेताना बघून घे. शंभर-दोनशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन कुठल्याही टॅबला चालतो असं दुकानात सांगतात, त्याने सही करता येते, तासभर इंटिग्रल लिहिता येत नाही, रेघ जाड येते आणि हात टेकवला की स्क्रीनवर भलतंच उमटतं. टॅबचा स्वतःचा ॲक्टिव्ह पेन पाहिजे, तोच हाताचा तळवा आणि पेनाचं टोक वेगळं ओळखतो. सॅमसंगच्या एस-पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही आणि त्यांच्या एस सीरिजच्या टॅबबरोबर तो बॉक्समध्येच येतो. ॲपल पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते आणि चार्ज करावी लागते, त्यामुळे आयपॅडची किंमत बघताना पेन्सिल धरूनच बघायची. स्क्रीन साधारण १० ते ११ इंच, त्याच्यापेक्षा लहान घेतलास तर मॅट्रिक्स मावत नाहीत. दुकानात सरळ मागून घे, टेबलावर ठेव, हात टेकवून दहा ओळी लिही, बारीक अक्षरात सबस्क्रिप्ट लिही. विकणारा कंटाळला तरी लिही. ॲपसाठी पैसे घालवायची गरज नाही, वननोट फुकट आहे, सॅमसंग नोट्स टॅबबरोबर येतं.

माझा सल्ला असा की हे सेमिस्टर वहीवर काढ. डाव्या बाजूला तीन बोटं मार्जिन सोड आणि तिथे फक्त प्रश्न लिही. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी बसवलेली ही जुनी पद्धत आहे आणि तिला एक पट्टी सोडून काहीच लागत नाही. दोन महिने संध्याकाळचं लिखाण नेमाने झालं तर दिवाळीनंतर टॅब घे, त्याचं सोनं होईल. आणि टॅब घेतलास तरी आठवड्यातून दोन प्रूफं कागदावर पेनने लिहीतच जा, कारण विद्यापीठाचा पेपर कागदावरच लिहायचाय आणि अडीच-तीन तास सलग लिहायची हाताला सवय नसली की शेवटचा प्रश्न येत असूनही सुटतो, हे मी दरवर्षी बघते.

प्रश्न : नमस्कार. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात कामाला आहे, मंडळी विड्या करतात. मुलगी एमकॉमला आहे, घरात एवढी शिकलेली पहिलीच. ती ४० हजारांचा टॅब मागायली, हप्त्यावर मिळतो म्हणती. नाही म्हणावं तर तिचं नुकसान होईल का ही भीती, हो म्हणावं तर घर कसं चालायचं. खरंच लागतो का तो?

उत्तर : काका, नाही लागत. तुमची भीती मला कळते, म्हणून आधी हेच स्पष्ट सांगते, एमकॉमच्या नोट्स काढायला टॅब नसला तर तुमच्या मुलीचं एका मार्काचंही नुकसान होणार नाही. हप्ता अजिबात करू नका. कॉस्टिंगचे तक्ते, अकाउंट्सची गणितं हे हाताने कागदावर सोडवल्याशिवाय येतच नाही आणि परीक्षा कागदावरच आहे.

पण तिला "हे लाड आहेत" असं म्हणू नका, एवढी विनंती आहे. शांतपणे विचारा की नेमकं कशासाठी पाहिजे. कधी कधी वर्गात चार जणांकडे आहे आणि आपल्याकडे नाही हे मुलांना फार लागतं, विशेषतः घरातून पहिल्यांदा एवढं शिकणाऱ्या मुलीला, तिला वाटत असतं की बाकीच्यांना काहीतरी माहितीय जे आपल्याला माहीत नाही. तसं असेल तर हे पान तिला वाचायला द्या.

आणि खरी गरज निघालीच तर ती बहुतेक लॅपटॉपची निघेल, टॅबची नाही. एक्सेल, टॅली, प्रोजेक्ट रिपोर्ट हे सगळं कीबोर्डवर करायचं काम आहे. तेही लगेच नाही, तोपर्यंत कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आहे, फोनवर गुगल शीट्स चालतं. पुढे प्रोजेक्टच्या वेळी ओळखीतल्या कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप बघा, त्यात एसएसडी आहे का आणि रॅम ८ जीबी आहे का एवढं विचारा. जुना असला तरी एसएसडी असली की झटपट चालतो, आणि नवा असून साधी हार्ड डिस्क असेल तर तो उघडेपर्यंत पोर वैतागतं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सांगायलाच पाहिजे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय का बघा. शिवाय विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शैक्षणिक मदत असते, तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. काकूंचं विडी कामगाराचं कार्ड असेल तर ते घेऊन कॉलेजच्या ऑफिसात जा आणि एमकॉमला दोन्हीपैकी काय बसतं ते विचारा, मुदत संपायच्या आत. सोलापुरात एवढ्या बायका विड्या वळतात आणि त्यातल्या कितीतरी घरांत हे माहीतच नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी बार्शीची, सोलापुरात होस्टेलला राहून एमए इतिहास करतेय. माझ्याकडे भावाचा जुना लॅपटॉप आहे. तीन अडचणी आहेत ताई. मराठी टायपिंग फार स्लो आहे. सीनियरने दिलेल्या नोट्स माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणि मोडीचा पेपर आहे, ती लॅपटॉपवर कशी लिहायची?

उत्तर : दुसरीपासून सुरू करते कारण ती सगळ्यात सोपी आहे. तुझ्या सीनियरने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलंय. त्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्यावर फक्त मराठी चित्र चढवलेलं असतं, फॉन्ट नसला की चित्र गळून पडतं आणि आतलं दिसतं. त्यांच्याकडून पीडीएफ करून माग म्हणजे वाचता येईल, नाहीतर कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं, करून घे आणि नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाल, त्यात चुका राहतात. तू स्वतः मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिही. दोन वर्षांनी "सोलापूर मार्शल लॉ" असं शोधलंस तर तुझ्या सगळ्या नोट्समधून १९३० चं पान समोर यायला पाहिजे, जुन्या फॉन्टमध्ये असा शोध लागत नाही. माझ्या मते इतिहास, मराठी, समाजशास्त्र अशा विषयांना लॅपटॉपचा खरा फायदा हा शोधाचाच आहे, वेगाचा नाही.

टायपिंगला दोन रस्ते आहेत. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी स्पेलिंगने लिहितो तसं लिहायचं, आठवड्यात हात बसतो. दुसरा इनस्क्रिप्ट, तो शिकायला महिना-दीड महिना त्रास होतो पण नंतर त्याचा वेग वेगळाच, स्वर एका हाताला आणि व्यंजनं दुसऱ्या हाताला असल्यामुळे मराठी लिहिताना हात आळीपाळीने पडतात. तुला संशोधनात जायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिक, नुसतं एमए करायचं असेल तर फोनेटिक पुरे. वर्गात मात्र वहीत लिही आणि संध्याकाळी टाईप कर, टाईप करताना जे वाक्य तुला कळलेलं नाही ते आपोआप अडतं. हात दुखला तर गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठी बऱ्यापैकी ओळखतं, रूममेटची परवानगी घेऊन बोलून लिही, अवतरणं आणि सन तेवढे हाताने तपास. पुस्तकातल्या छापील मराठी पानाचा फोटो ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडला तर त्याचाही मजकूर निघतो, पूर्ण पान टाईप करायला लागत नाही. आणि संदर्भांसाठी आत्तापासून झोटेरो वापर, फुकट आहे, पुस्तकाचं नाव, पान, साल एकदा टाकलं की शोधनिबंधाच्या वेळी "हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतं" म्हणून रडावं लागत नाही.

मोडी लॅपटॉपवर लिहू नकोस. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा मिळालेली आहे, फॉन्टही आहेत, पण तुझा पेपर वाचनाचा आणि वळणाचा आहे, आणि मोडीचं वळण हात न उचलता लिहिण्यातच आहे. बोरू नसला तर साधा जाड निबचा पेन घे आणि रेघ आधी पूर्ण ओढून तिला अक्षरं लटकव. लॅपटॉपचा उपयोग एवढाच की कागदपत्राचा स्कॅन मोठा करून बघता येतो, एक 'ब' आणि एक 'व' वेगळा ओळखायला ते फार कामाला येतं.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये टॅब तापून बंद पडला तर? आमच्या घराला पत्रे आहेत.

उत्तर : ही शंका बरोबर आहे. ॲपलने आयपॅड वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलंय आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. पत्र्याखाली दुपारी चार्जिंगला लावून वापरू नको, चार्जिंग पहाटे किंवा रात्री कर, चार्ज करताना कव्हर काढ, गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नको. उष्णतेने लिथियम बॅटरीचं आयुष्य कायमचं कमी होतं, ते नंतर भरून येत नाही. दुपारचा अभ्यास अभ्यासिकेत जाऊन कर, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जागा आपल्या गावात आहे.

प्रश्न : मॅडम, मी एका कॉलेजात पीजीला शिकवतो. मागच्या बाकांवर लॅपटॉप उघडे असतात, निम्मे नोट्स काढतात, निम्मे क्रिकेट बघतात. सरसकट बंदी घालावी असं वाटायला लागलंय. तुमचं मत?

उत्तर : सर, तुमचा त्रास मी रोज अनुभवते, उघड्या झाकणांच्या मागे चेहरे दिसत नाहीत आणि कुणाला कळलंय कुणाला नाही हे शिकवणाऱ्याला कळेनासं होतं. तुमच्या बाजूने भक्कम पुरावाही आहे. २०१३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की तास चालू असताना लॅपटॉपवर इतर गोष्टी करणाऱ्यांचे मार्क कमी आले, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर अशांची स्क्रीन होती, जे स्वतः कागदावर लिहीत होते, त्यांचे मार्क सुमारे १७ टक्क्यांनी कमी आले. म्हणजे "मी माझं बघतो, तुम्हाला काय त्रास" हे म्हणणं टिकत नाही, मागच्याला त्रास होतोच.

तरीसुद्धा सरसकट बंदी घालू नका. ज्या विद्यार्थ्याला कमी दिसतं त्याला स्क्रीनवर अक्षर मोठं करून लिहावं लागतं, काही अंध विद्यार्थी एनव्हीडीएसारख्या, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या फुकट स्क्रीन रीडरवर अभ्यास करतात, कुणाच्या हाताला त्रास असतो. बंदी घालून त्या एकाला सूट दिली की अख्ख्या वर्गाला कळतं की याला काहीतरी आहे, आणि ते त्याने सांगायचं की नाही हे त्याच्यावरच राहिलं पाहिजे. त्याऐवजी स्क्रीन वापरणाऱ्यांना शेवटच्या रांगेत बसवा म्हणजे त्यांच्या मागे कुणीच नसतं, आणि ज्याला जवळून फळा बघायची गरज आहे त्याला पुढे पण भिंतीकडेच्या टोकाला. टॅब असेल तर बाकावर आडवा ठेवायचा, उभा नाही. मी अजून एक करते, मुख्य प्रमेय किंवा संकल्पना सांगताना पाच-दहा मिनिटं सगळ्यांना पेन, कीबोर्ड, सगळं खाली ठेवायला सांगते, ऐकून झाल्यावर लिहायला वेळ देते. पहिल्या आठवड्यात अवघडतात, मग त्यांनाच आवडायला लागतं, कारण लिहायचं काही सुटणार नाही याची खात्री झालेली असते. अभ्यासक्रम पुरा होत नाही असं वाटेल, माझा तरी अजून कधी राहिलेला नाही.

प्रश्न : ताई, मी नोट्स काढतच नाही, फळ्याचा फोटो काढतो. फोनमध्ये सातशे-आठशे फोटो झालेत. घरी गेल्यावर बघायचं होत नाही. हे बंद करू का?

उत्तर : बंद करू नको, पण फोटो हा लिहिण्याऐवजी नाही, लिहिलेलं तपासायला आहे. तासाला तीनच फोटो काढ, मोठी आकृती, लांब तक्ता, आणि सर खोडतायत पण तुझं लिहून झालं नाही ती जागा. वर्गात फोटो काढलेले तुझ्या सरांना चालतात का ते एकदा विचार, रेकॉर्डिंग तर विचारल्याशिवाय करायचंच नाही. त्याच रात्री त्या फोटोंवरून वहीत उतरव आणि गॅलरीतून काढून टाक, उतरवायला दहा मिनिटं पुरतात.

आत्ताच्या सातशे फोटोंचं काय करायचं, तर सगळे बघत बसू नको, त्यात महिना जाईल. विषयाचं सिलॅबस समोर घे, ज्या टॉपिकचं वहीत काहीच नाही तेवढेच फोटो शोध. ते गुगल ड्राइव्हच्या स्कॅनमधून पीडीएफ कर, नावात विषय आणि तारीख टाक, बाकीचे सोडून दे. आणि जे ठेवशील ते दोन ठिकाणी ठेव. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला आणि काहीच निघालं नाही म्हणून परत दिला, आठ महिन्यांचं टिपण गेलं. त्यातलं जे माझ्या दोन लाल वह्यांमध्ये हाताने लिहिलेलं होतं तेवढंच उरलं, आणि त्याच्यावरून बाकीचं उभं करायला मला अख्खा उन्हाळा लागला. गुगलचं १५ जीबी फुकट आहे, नोट्सच्या पीडीएफना दोन वर्षांत तेवढी जागा लागत नाही. आज रात्रीच पहिल्या पेपरच्या तेवढ्या चढव, मग झोप.